उजव्या कडेची जागा

बायको गेल्याचं मुकुंदरावांना मोबाइलवर वाचून कळलं. घरच्या कोणी कळवलं नव्हतं. सर्कलच्या ग्रुपवर आलं होतं.

त्या सकाळी ते खाप्याला देवाजी विणकराच्या ओसरीवर बसले होते. समोर साड्या पसरल्या होत्या. मोहरीचा रंग, तांबडे काठ, सगळ्या एकसारख्या. देवाजी एकेक साडी उलगडून पदर दाखवायचा आणि पुन्हा घडी घालून बाजूला ठेवायचा. मुकुंदराव मान हलवत होते. त्यांना साडीतलं काही कळत नव्हतं. पाहायचं काम प्रेमलताचं होतं आणि यायचंही तिलाच होतं. पण ऐनवेळी संचलनाचा सराव त्याच सकाळी ठरला, आणि बायकांना चालवून घ्यायला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. "तुम्ही जाऊन या न. देवाजी देईल ते गुपचूप घेऊन या, आपलं डोकं चालवू नका," असं सांगून ती पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर गेली होती.

फोन वाजला तेव्हा त्यांना वाटलं, तीच असेल. काठ नीट पाहिले का म्हणून विचारत असेल. फोन नव्हता, ग्रुपवरचा निरोप होता. प्रेमलताचा फोटो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काढलेला. शेजारी मुकुंदराव उभे होते, त्यांना कापून टाकलं होतं, फक्त कोपर तेवढं राहिलं होतं. फोटोखाली लिहिलं होतं की सर्कलच्या ज्येष्ठ भगिनी सौ. प्रेमलताताई यांचे आज सकाळी सरावादरम्यान आकस्मिक निधन झाले, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली दुसरी ओळ होती. उद्याचा सराव रद्द. परवापासून नेहमीच्या वेळी.

त्याखाली जोडलेले हात येत होते. एकामागून एक, येतच होते. मौद्याच्या कोणा सभासदाने न वाचताच हार्दिक अभिनंदन म्हणून फुलांचा गुच्छ पाठवला होता. नंतर तो त्याने पुसला, पण मुकुंदरावांनी तोवर पाहिला होता.

त्यांनी फोन देवाजीच्या हातात दिला. "वाचून पाहा गा जरा. मला नीट दिसून नाही राहिलं."

देवाजी सावकाश वाचत गेला. मग उठला, आत गेला आणि त्याने पोराला माग थांबवायला सांगितलं. आतली खटखट बंद झाली. तेव्हा मुकुंदरावांना कळलं की आपण बरोबरच वाचलं होतं.

त्यांनी उन्मेषला फोन लावला. उन्मेष सर्कलचा या वर्षीचा अध्यक्ष, दातांचा डॉक्टर, धरमपेठेत दवाखाना. तो म्हणाला, "काका, तुम्हालाच लावत होतो. तुमचा लागतच नव्हता." मग त्याने सगळं सांगितलं. तिसऱ्या फेरीत काकू थांबल्या, छातीला हात लावला, खाली बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुकुंदरावांच्या फोनमध्ये उन्मेषचा एकही चुकलेला कॉल नव्हता. ते त्यांनी नंतर पाहिलं. एकदा पाहिलं आणि नंतरही पुष्कळदा पाहिलं.

देवाजी त्यांच्यासोबत गाडीत बसून नागपूरला आला. साड्यांचं गाठोडं त्याने सबंध रस्ताभर मांडीवर धरलं होतं.

*

साड्यांची गोष्ट जुनी होती. सर्कल म्हणजे नागरी सेवा सर्कल. गावोगावच्या वकील-डॉक्टर-हेडक्लार्क मंडळींनी स्वातंत्र्यानंतर काढलेला क्लब. पाणपोया घालायचे, चष्मे वाटायचे आणि वर्षातून एकदा कुठल्या तरी गावी जमून अधिवेशन करायचे. नागपुरात पहिलं अधिवेशन झालं एकोणीसशे एकोणसाठ साली. मुकुंदरावांचे वडील सर्कलच्या संस्थापकांपैकी, तेव्हा स्वागत समितीवर होते. मुकुंदराव सात वर्षांचे होते, सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी ती मिरवणूक पाहिली होती. पुढे बँड, मग झेंडूच्या माळा घातलेले टांगे, जबलपूर, रायपूर, अकोला, अमरावती असे गावांच्या नावांचे फलक. प्रत्येक पाहुण्याच्या हातात संत्र्यांची करंडी. पाहुणे ती संत्री रस्त्यातच सोलून खात चालले होते आणि सालं टांग्याखाली येत होती. संध्याकाळी पार्कात रंगीत दिवे, पोवाडा, जादूचे प्रयोग. त्या पोरवयात त्यांना वाटलं होतं की असं दरवर्षी होत असेल.

पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या मिरवणुकीत बँडच्या मागोमाग, टांग्यांच्याही पुढे बायका चालल्या होत्या. सभासदांच्या बायका, चार-चारच्या रांगेत, खाप्याहून विणून आणलेल्या एकसारख्या साड्या नेसून. महाल भागातल्या कितीतरी घरांतून त्याबद्दल नाकं मुरडली गेली. मुकुंदरावांची आई पहिल्या रांगेत होती. तिचा तो फोटो सर्कलच्या हॉलमध्ये अजून आहे. तोंडावर हसू नाही, नजर समोर, आणि साडी एवढी उंच नेसलेली की घोटे दिसतात.

यंदा इतक्या वर्षांनी अधिवेशन पुन्हा नागपुरात आलं. ठरलं की मिरवणूक एकोणसाठसारखी काढायची. टांगे, बँड, संत्री, सगळं तसंच. साड्यांचं प्रेमलताने मनावर घेतलं. फोटोवरून काठ ओळखून ती खाप्याला चार खेपा घालून आली, आणि ज्याच्या बापाने त्या साड्या विणल्या होत्या तो देवाजी तिला सापडला. त्याचा माग बंदच पडायला आला होता. त्याने आधी नाही म्हटलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही परत-परत येऊन राहिल्या, आता तुमाले नाही कसं म्हणू."

चालवायचं कामही तिचंच. कॉलेजात असताना ती एनसीसीत होती, दिल्लीच्या संचलनाला जाता-जाता राहिली होती, आणि ते तिच्या मनात कायम होतं. सर्कलच्या बायकांना ती वर्षानुवर्षं चालवत आली. कोणत्याही गावचं अधिवेशन असो, संचलनाची ढाल बहुतेक नागपूरकडेच यायची. ती स्वतः पहिल्या रांगेत उजव्या कडेला असायची. संचलनात उजव्या कडेच्या माणसाकडे पाहून बाकीच्यांनी रांग सरळ ठेवायची असते. त्या माणसाने कोणाकडे पाहायचं नसतं. घरीही ती तशीच होती, असं मुकुंदराव चारचौघांत म्हणायचे, आणि ती म्हणायची, "म्हणूनच तुम्ही सरळ चालून राहिले."

तिचा एक नियम होता. रांगेत फट पडता कामा नये. कोणाची चप्पल तुटली, कोणाला भोवळ आली, तर ती बाजूला होईल आणि मागची क्षणात पुढे येईल. त्यासाठी ती सरावात मुद्दाम एखादीला खुणेने बाहेर काढायची. मागची पुढे यायला चुकली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून चालवायची.

*

प्रेमलताला घरी आणलं तेव्हा तिच्या पायात तेच पांढरे बूट होते. सिंधूताईंनी ते काढले. सिंधूताई नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, नवरा प्रेमानंद सर्कलचा सभासद. प्रेमलताची आणि त्यांची जोडी चाळीस वर्षांची. एकीच्या घरी नवमी-दशमी सगळं चालायचं, दुसरीच्या घरी बुद्धवंदना, आणि दोघी एकमेकींच्या घरी सारख्या. एकमेकींना टोमणे मारत, एकमेकींच्या डब्यातलं खात.

प्रेमलता अहेव गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी मागितली. खाप्याची साडी नेसवावी असं मुकुंदरावांच्या मनात आलं होतं, पण बायका म्हणाल्या, हिरवीच पाहिजे. त्यांच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं.

गाठोडं दारामागे खुर्चीवर ठेवलं होतं. उन्मेषची बायको दामिनी भेटायला आली, पाया पडली, रडली. रडली हे खरं, मुकुंदराव तिला तेवढं श्रेय देतात. मग जाताना दारात थांबून तिने हळूच विचारलं, "काका, साड्या आल्या ना? फॉल-पिकोला टाकाव्या लागतील, वेळ कमी आहे." पुण्याहून सुमंत अजून पोचायचा होता. मुलाची वाट पाहत प्रेमलताला घरात ठेवलं होतं. तेवढ्यात गाठोडं दामिनीच्या गाडीत गेलं. बाईच्या आधी बाईच्या साड्या घरातून निघाल्या.

देवाजीने तेवढ्यात एक काढून घेतली होती. ती त्याने मुकुंदरावांच्या हातात दिली. "ही बाईची. त्यायची उंची पाहून जरा लांब धरली होती."

*

तेराव्यानंतर सुमंत परत गेला आणि दुसऱ्या दिवशी उन्मेष-दामिनी आले. अधिवेशन तोंडावर होतं. दोघं अवघडून बसली. मुकुंदरावांनी चहा केला. गेल्या दोन आठवड्यांत ते तेवढं शिकले होते.

उन्मेष म्हणाला की काकूंशिवाय संचलन होईल असं वाटत नव्हतं, पण बायका जिद्दीने उभ्या राहिल्या आहेत. यंदा रायपूरवाले जोरात आहेत. आपण ढाल काकूंसाठी जिंकायची.

मुकुंदरावांना एकच गोष्ट मागायची होती. ती ते कितीतरी दिवस मनात घोळवत होते. पहिल्या रांगेतली उजव्या कडेची जागा रिकामी ठेवा, असं ते म्हणाले. बाकी काही नको. सत्कार नको, श्रद्धांजलीचं भाषण नको. तिघी चालू द्या. लोकांना दिसू दे की इथे एक बाई होती.

उन्मेषने बायकोकडे पाहिलं आणि मग मुकुंदरावांचा हात धरला. "काका, त्या जागी कोण उभं राहील? माझा शब्द आहे."

मग दामिनीने साडी मागितली. मिरवणुकीतल्या रथावर काकूंचा फोटो ठेवायचा, फोटोपुढे त्यांची साडी. तिचं बोलणं चांगलं होतं. मुकुंदरावांनाही ते पटलं. पण देताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही साडी कोणी नेसायची नाही. ती कोरी राहिली पाहिजे. अहेव गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात नवमीला सवाष्णीला जेवू घालून साडी देतात. ही त्या दिवशीची आहे.

दामिनी म्हणाली, "अहो काका, हे काय सांगायला पाहिजे का?"

सवाष्ण कोण तेही त्यांनी ठरवलं होतं. सिंधूताईंना त्यांनी विचारूनही ठेवलं होतं. सिंधूताई आधी हसल्या. म्हणाल्या, ते नवमी-बिवमी मी मानत नाही, तुम्हाले माहीत आहे. मग म्हणाल्या, "जेवायचं पाहू. पण तिची साडी म्हणून घेईन मी, भाऊ. तिने सगळ्यायसाठी विणून आणल्या आणि तिलेच नेसाले नाही भेटली."

*

अधिवेशनाच्या दिवशी कस्तुरचंद पार्कवर सकाळपासून गर्दी होती. तर्री पोह्याचे गाडे लागले होते. फेटे बांधून देणारे आले होते. गावोगावचे सभासद एकमेकांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. भंडाऱ्याच्या क्लबाने बैलबंडी आणली होती, अमरावतीच्यांनी चरखा. रायपूरच्या बायका पांढऱ्या साड्यांत, हातात लहान झेंडे. त्यांच्या रांगा सरळ होत्या, हे मुकुंदरावांनाही दिसलं.

त्यांना संस्थापकांचे वारस म्हणून टांग्यात बसवलं. गळ्यात पट्टा घातला. टांगा मागे होता. पुढे बँड, मग नागपूरच्या बायका, मग रथ, मग बाकीचे क्लब आणि शेवटी टांगे. बायका कुठे उभ्या आहेत तेही त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं तर बिल्ला लावलेला एक जण म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे काका, तुम्ही बसा.

मिरवणूक निघाली. झिरो माइलवरून सीताबर्डीकडे. वर मेट्रो गेली, खिडक्यांमधून लोकांनी मोबाइल धरले. बँडवाल्याने जुनी चाल धरली होती, मध्येच लग्नातली धरली. खोळंबलेले ऑटोवाले हॉर्न देत होते. एक जण मान बाहेर काढून विचारत होता, "काय हाय भाऊ, इलेक्शन हाय का?" टांग्यातल्या संत्र्यांच्या करंडीतलं एक संत्रं मुकुंदरावांच्या हातात कोणीतरी दिलं. ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

व्हरायटी चौकात मिरवणूक वळली. वळताना पुढचा भाग आडवा झाला आणि टांग्याच्या उंचीवरून त्यांना पहिल्यांदा बायकांची रांग दिसली. मोहरीचा रंग उन्हात उठून दिसत होता. त्यांनी पहिली रांग पाहिली. चौघी होत्या.

त्यांना वाटलं, आपण दुसरी रांग पाहतोय. पुन्हा पाहिलं. चौघीच. उजव्या कडेला एक ठेंगणी, कोवळी पोर चालली होती. साडी तिला लांब होत होती. कमरेशी खोचून-खोचून जाड गोळा झाला होता, आणि खालचा काठ तरीही रस्त्याला लागत होता. मुकुंदरावांनी रथाकडे पाहिलं. फोटो होता, हार होता. फोटोपुढे काही नव्हतं.

ते टांग्यातून उतरले. टांगेवाला ओरडला, त्यांनी ऐकलं नाही. क्लबांच्या फलकांच्या बाजूने, लोकांच्या खांद्यांना लागत ते पुढे गेले. त्या पोरीच्या शेजारी आले आणि तिच्याबरोबर चालू लागले. नंतर लोक म्हणाले की काकांनी तमाशा केला. त्यांनी तमाशा केला नाही. त्यांचा आवाजही चढला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, ही साडी तुला कोणी दिली?"

पोर घाबरली. नाव मेघा, उन्मेषच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. ती समोर पाहतच म्हणाली, "मॅडमनी दिली काका. एक जण कमी पडून राहिलं म्हणे. काहून, काय झालं?"

सिंधूताई तिच्याच मागे दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मुकुंदरावांचं तोंड पाहिलं आणि त्यांची पावलं चुकली. "भाऊ, तुमीच हो म्हणाले ना?" त्या म्हणाल्या. "मी सकाळी भांडली. दामिनी म्हणे, काकांनीच सांगितलं, रांग मोडू नका."

"मी नाही सांगितलं," मुकुंदराव म्हणाले.

सिंधूताई रांगेतून बाहेर पडल्या आणि फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. भर चौकात, परीक्षकांच्या मांडवापुढे, दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी झाली. मेघाने ते पाहिलं. तिला काय समजलं कोण जाणे, पण तीही बाजूला झाली. पहिल्या रांगेची उजवी कड उघडी पडली.

दोन पावलं तेवढीच. तिसऱ्या रांगेतली बाई थेट पहिल्या रांगेत आली. तिच्या मागची दुसऱ्या रांगेत. आणखी मागच्यांनीही तसंच केलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही, पाऊलही चुकलं नाही. बँडचं एक कडवं संपायच्या आत दोन्ही रांगा भरल्या होत्या, आणि उजव्या कडेला आलेली बाई नजर समोर ठेवून चालत होती. मांडवातल्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेमलताने शिकवलं होतं तसंच सगळं झालं.

मुकुंदराव तिथेच उभे राहिले. रथ त्यांच्या बाजूने गेला. मग रायपूर गेलं, अकोला गेलं, भंडाऱ्याची बैलबंडी गेली. हातातलं संत्रं त्यांनी शेजारच्या फुटाणेवाल्याच्या गाडीवर ठेवलं.

*

ढाल नागपूरला मिळाली. परीक्षकांनी बोलताना खास उल्लेख केला की वाटेत दोन भगिनींना अडचण आली, तरी रांग क्षणभरही तुटली नाही, याला म्हणतात शिस्त. हे मुकुंदरावांनी स्वतः ऐकलं नाही. ते हॉलच्या मागच्या खोलीत मेघाची वाट पाहत बसले होते. भिंतीपलीकडे टाळ्या, मग दोन मिनिटं स्तब्धता, मग निवेदिकेने जेवण तयार असल्याचं सांगितलं. संत्रा बर्फीचे खोके वाटले जात होते, कोणीतरी एक त्यांच्याही समोर ठेवून गेलं.

मेघा साडी घेऊन आली. आपले कपडे घालून आली होती, साडीची घडी तिला नीट जमली नव्हती. "काका, मले माहीत असतं तर मी हातही नसता लावला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मुकुंदराव म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, तू जेवून घे. ती जेवायला गेली नाही, तशीच घरी गेली.

काठाला रस्त्याची काळी धूळ होती. खांद्यावर सेफ्टीपिनेची भोकं होती. एका जागी पिन ओढली जाऊन धागा निघाला होता.

मग उन्मेष आला. त्याच्या डोक्यावर फेटा तसाच होता. तो खोटं बोलला नाही. सकाळी परीक्षकांनी नियम वाचून दाखवला, पहिली रांग अपुरी असली तर निम्मे गुण जातात, असं तो म्हणाला. वेळ नव्हता. तुम्हाला सांगायला यायला पाहिजे होतं. पुढे म्हणाला, "पण खरं सांगा काका, काकू असत्या तर त्यांनी जागा रिकामी ठेवू दिली असती का? त्याच म्हणायच्या ना, फट पडली नाही पाहिजे."

तिने ठेवू दिली नसती, हे मुकुंदरावांना माहीत होतं. ती स्वतः त्या रांगेवर खेकसली असती, मागचीला पुढे ढकलली असती. उन्मेषचं बरोबर होतं, आणि तो बरोबर असल्यामुळेच त्यांना तो अधिक नकोसा झाला.

"तिने भरली असती," ते शेवटी म्हणाले. "ती जागा तिची होती, तिने काहीही केलं असतं. तू मला शब्द दिला होता."

उन्मेषने फेटा काढून हातात घेतला. बाहेरून त्याला फोटोसाठी बोलावत होते. तो गेला.

पुढच्या रविवारी तो आणि आणखी दोघं ढाल घेऊन घरी आले. काकूंच्या फोटोपुढे ठेवायची, एक फोटो काढायचा आणि परत न्यायची, असं ठरवून आले होते. मुकुंदरावांनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. ते तिघं जिन्यात उभे होते. ढाल जड होती, दोघांनी धरली होती. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकत होता. थोड्या वेळाने ते तिघं जसे आले तसे उतरून गेले. ग्रुपवर संध्याकाळी ढालीचा फोटो आला, सर्कलच्या हॉलमधला. ढालीच्या मागे भिंतीवर एकोणसाठचा फोटो होता, त्यात मुकुंदरावांची आई. त्यांनी त्याच रात्री ग्रुप सोडला. सत्तर वर्षांचं घराण्याचं सभासदत्व त्यानंतर महिनाभरात त्यांनी सोडलं. कोणी फार आग्रह केला नाही.

*

वर्षश्राद्ध झालं. सुमंत येऊन गेला. मग भाद्रपद आला.

सिंधूताई स्वतःहून आल्या. दारातच म्हणाल्या, "भाऊ, नवमी जवळ आली म्हणते प्रेमानंद. तुमी बोलावलं नाही म्हणून मीच आली." त्यांनी साडी पाहायला मागितली. मुकुंदरावांनी काढून दिली. त्यांनी ती धुतली नव्हती. धुतली तर ती धुतलेली साडी होणार होती, आणि न धुता ती अशी. दोन्हीकडून ती कोरी नव्हती.

सिंधूताईंनी खांद्यावरची भोकं पाहिली, काठावरची धूळ पाहिली. त्यावर बोट फिरवलं. "मले चालते," त्या म्हणाल्या. "मले कोरी-बिरीचं काही नाही. मी घरी धुतो, धागा देवाजीकडून नीट करून आणतो, अन् नेसतो. तिची आहे न? मंग झालं."

मुकुंदरावांना त्यांचं म्हणणं कळत होतं. त्यांना राग सिंधूताईंचा नव्हता, त्या पोरीचा नव्हता, आता उन्मेषचाही फारसा उरला नव्हता. पण प्रेमलताच्या नावाने द्यायची वस्तू दुसऱ्याची नेसलेली द्यायची, आणि तीही तिच्याच जागेवर उभं राहून नेसलेली, हे त्यांच्या हातून होईना. देवाजीने दुसरी विणून देतो म्हणून निरोप पाठवला होता. त्यालाही त्यांनी हो म्हटलं नाही. दुसरी साडी तिची नव्हती. तिने काठ जुळवलेली, तिच्या उंचीची धरलेली एवढी एकच होती.

"पुढच्या वर्षी पाहू," ते म्हणाले.

सिंधूताईंनी साडीची घडी घातली. घडी घालताना धुळीची बाजू आत घेतली. साडी त्यांच्या हातात दिली आणि चहा न घेता गेल्या.

नवमी त्या वर्षी होऊन गेली. प्रेमलताच्या नावाने कोणाला जेवू घातलं नाही. साडी द्यायची राहिली आहे.